गच्चीचा धनी कोण?

२०२४ साली हिंगोली जिल्ह्याची जमीन दोनदा चांगलीच हादरली. २१ मार्चच्या सकाळी सहाच्या सुमारास दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले. त्यांतील मोठा ४.५ तीव्रतेचा होता. पुढे १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास तेवढ्याच तीव्रतेचा आणखी एक धक्का बसला. केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्याच्या परिसरात होता आणि हादरे परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना तर जमिनीतून येणारे गूढ आवाज काही वर्षांपासून परिचयाचे झाले आहेत. दोन्ही वेळी लोक घराबाहेर धावले, काही काळ रस्त्यावर थांबले, एकमेकांची विचारपूस केली आणि पुन्हा घरात गेले. सुदैवाने मोठी हानी झाली नाही. तेवढ्यावर तो विषय संपला.

परंतु जे लोक बहुमजली इमारतीत राहतात, त्यांच्यापुरता तो तेवढ्यावर संपावयास नको होता. घरात परतताना त्यांनी जिन्याच्या भिंतीवरील भेग पाहिली असेल. ती आज पडली की पूर्वीचीच होती, हे कोणास सांगता आले नसेल. कारण पूर्वी ती कोणी नोंदलेली नव्हती. ती दाखविण्यासाठी अभियंत्यास बोलवावे, असे एखाद्यास वाटलेही असेल. पण बोलवावयाचे कोणी? त्याचा मोबदला द्यावयाचा कोणी? आणि त्याने दुरुस्ती सांगितलीच, तर ती करावयाची कोणी? स्वत:च्या घराच्या उंबरठ्याच्या आत प्रत्येकजण धनी असतो. उंबरठ्याबाहेरचा जिना, वरची गच्ची, तिच्यावरील पाण्याची टाकी, खालचे खांब आणि त्याखालचा पाया हे सारे मात्र सर्वांचे असते. आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असा आपल्याकडील व्यवहार आहे. इमारतीच्या म्हातारपणाचा प्रश्न तज्ज्ञांना सिमेंट आणि लोखंडाचा वाटतो. मुळात तो या धनीपणाचा प्रश्न आहे.

पंचविशी ओलांडलेल्या इमारती

हिंगोलीसारख्या ठिकाणी जुन्या सदनिकांचा प्रश्न तो काय असणार, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पंच्याऐंशी हजारांच्या आसपास होती. येथे मुंबईप्रमाणे गगनचुंबी इमारती नाहीत, आणि जिल्ह्यातील बहुसंख्य लोक आजही स्वत:च्या जमिनीवरील स्वत:च्या घरात राहतात. हे खरेच आहे. तथापि १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि जिल्ह्याच्या गावाला येणारे सारे बदल येथेही आले. कचेऱ्या आल्या, बदलीवर येणारा नोकरवर्ग आला, मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून शहरात घर करणारी कुटुंबे आली, हळदीच्या व्यापाराने बाजारपेठ वाढली. खाली दुकाने आणि वर सदनिका अशा तीन-चार मजली इमारती हा या वाढीचा स्वाभाविक परिणाम होता. जिल्हानिर्मितीच्या त्या पहिल्या उत्साहात उभ्या राहिलेल्या इमारती आता पंचविशीत आल्या आहेत.

पंचवीस वर्षे हे माणसाचे ऐन तारुण्य. सलोह काँक्रीटच्या इमारतीला मात्र या वयात वैद्याकडे नेणे आवश्यक असते. काँक्रीटच्या पोटातील लोखंडी सळईला गंजापासून वाचविणारे कवच म्हणजे सिमेंटचा क्षारधर्म. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांच्या योगाने हा क्षारधर्म वर्षानुवर्षे बाहेरून आत क्षीण होत जातो. तो सळईपर्यंत क्षीण झाला आणि तेथे पाणी पोहोचले, की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाहून कित्येक पट अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट फुटते. छताची खपली पडते, खांबाच्या कडेने उभी भेग दिसते, ती याच कारणाने. घरमालक त्या भेगेवर सिमेंटचा हात फिरवितो, वर रंग देतो, आणि दुखणे आत चालूच राहते. गळकी टाकी, न्हाणीघराची ओल, तुंबलेले गच्चीचे नळ आणि भिंतीत रुजलेला पिंपळ हे या दुखण्याचे नित्याचे वाटाडे आहेत.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीने यात आणखी एक भर घातली आहे. ही भारी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर वर्षातून एकदा होणारी ही हालचाल भिंतींवर आपली खूण ठेवून जाते. पाया मुरमापर्यंत गेला आहे किंवा नाही, हे सदनिका घेणाऱ्यास दिसत नाही. त्याला फरशी दिसते आणि रंग दिसतो.

माळवद आणि स्लॅब

येथे एक जुनी गोष्ट आठवते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना पावसाळ्यापूर्वीची ती लगबग ठाऊक असेल. गावच्या पांढरीची माती आणून माळवदावर पसरावयाची, चोपून बसवावयाची, पन्हाळी मोकळ्या करावयाच्या. ज्याने हे काम एक वर्ष टाळले, त्याच्या घरात मृगाच्या पहिल्या सरीला भांडी मांडावी लागत. घर म्हातारे होते, त्याला दरसाल काही द्यावे लागते, हे ज्ञान त्या वेळी कोणास अभियंत्याकडून घ्यावे लागत नव्हते. ती घराघराची रीत होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागातील हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांच्या ओझ्याखाली गेली. तो सारा प्रदेश त्या वेळच्या नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या पट्ट्यात मोडत होता. मराठवाड्याने त्या पहाटेपासून एक धडा घेतला, तो असा, की मातीचे घर मारते आणि स्लॅबचे घर तारते. धडा निराधार नव्हता. पण तो अर्धाच होता. स्लॅब तारतो, तो योग्य रीतीने बांधलेला आणि जपलेला असेल तर. आपण माळवद टाकले ते योग्यच केले. पण त्याच्याबरोबर दरसालच्या निगेची रीतही टाकून दिली. स्लॅब एकदा पडला, की पिढ्यान्‌पिढ्या बघावे लागत नाही, अशी समजूत रुजली. आज सदनिकांच्या दुरवस्थेचे मूळ शोधू गेल्यास ते बिल्डरच्या लोभाइतकेच या समजुतीतही सापडेल.

ही समजूत किती महाग पडते, हे महाडने दाखविले आहे. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाड येथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे मृत्युमुखी पडली. ती इमारत शंभर वर्षांची चाळ नव्हती; तिला पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. महाड हे महानगर नव्हे. हिंगोली, वसमत वा कळमनुरी यांच्याप्रमाणेच तेथेही नगरपरिषद आहे आणि तिची साधने बेताचीच आहेत. पुढे बांधकाम करणाऱ्यापासून नगरपरिषदेच्या तत्कालीन अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांवर गुन्हे नोंदले गेले. गुन्हे नोंदले जाणे आवश्यकच होते. परंतु ढिगाऱ्याखाली दबलेल्यांना त्यांचा उपयोग नसतो. इमारत उभी असताना तिची विचारपूस करणारे कोणी होते काय, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. आणि तो महाडपुरता नाही.

मुंबईचा धडा, मुंबईचा मार्ग नव्हे

जुन्या इमारतींचा विचार निघाला, की आपल्याकडे बोट मुंबईकडे जाते. मुंबईचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे खरा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. परंतु दुरुस्तीचा खर्च निघेना म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली, आणि आपल्या मालकीची नाही म्हणून भाडेकरूनेही हात लावला नाही. इमारती पडू लागल्या, तेव्हा शासनाने १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचनेचा स्वतंत्र कायदा केला, उपकर बसविला आणि १९७१ पासून दुरुस्ती मंडळ काम करू लागले. पुढे ते म्हाडात विलीन झाले. आरंभी १९,६४२ इमारती या योजनेखाली होत्या. राहणाऱ्यांनी उपकर भरावा, शासनाने आपली भर घालावी आणि त्यातून दुरुस्ती व्हावी, ही त्यामागील कल्पना सामायिक जबाबदारीचीच होती. प्रत्यक्षात निधी सदैव अपुरा पडला, काम सदैव मागे राहिले आणि दर पावसाळ्यात एखाददुसरी इमारत पडतच राहिली. उशिरा सुरू केलेली दुरुस्ती कधीच पुरी पडत नाही, हा मुंबईचा पहिला धडा होय.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मुंबईतील जुनी इमारत मोडकळीस आली, तरी तिच्याखालच्या जमिनीला सोन्याचे मोल असते. त्या मोलापायी बिल्डर येतो, जुन्या रहिवाशास नवी सदनिका देतो आणि उरलेले मजले विकून आपला नफा काढतो. पुनर्विकास म्हणतात तो हाच. हिंगोलीत हे गणित बसणे कठीण आहे. बारा सदनिकांची जुनी इमारत पाडून, बारा कुटुंबांना फुकट घरे देऊन, वर आणखी मजले विकून नफा काढावा, असा भाव येथे नाही आणि नजीकच्या काळात येण्याचा संभवही दिसत नाही. म्हणजे येथील इमारत थकली, की तिला सोडविण्यास बिल्डर येणार नाही. मुंबईच्या उपकराचा कायदा येथे लागू नसल्यामुळे म्हाडाचे दुरुस्ती मंडळही येणार नाही. लहान शहरातील सदनिकाधारकाने हे एक सत्य पक्के ध्यानी घेतले पाहिजे. त्याच्या इमारतीला दुसरा जन्म नाही. आहे तेच आयुष्य लांबविणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे आहे.

संस्था नाही, म्हणून धनी नाही

हे आयुष्य लांबवावयाचे तर प्रथम इमारतीला धनी हवा. कायद्याने त्याची सोय फार पूर्वी केली आहे. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यानुसार बिल्डरने सदनिकाधारकांची संस्था नोंदवून दिली पाहिजे आणि जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण त्या संस्थेच्या नावे केले पाहिजे. बिल्डर ते करीत नसेल, तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला केला. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. संस्था नको असेल, तर १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवून मालकांचा संघ स्थापन करता येतो. या दुसऱ्या मार्गात प्रत्येकाचा सामायिक भागातील हिस्सा टक्केवारीने ठरलेला असतो, आणि सामायिक खर्चातील वाटाही त्याच प्रमाणात येतो.

कागदावर एवढी सोय असताना प्रत्यक्षात काय दिसते? लहान शहरांतून पुष्कळदा घोषणापत्र नोंदविले जाते, खरेदीखते होतात आणि तेथेच सारे थांबते. संघ स्थापन होत नाही, बँकेत सामायिक खाते उघडले जात नाही, नकाशाची प्रत कोणाजवळ नसते. पाण्याची मोटर जळाली, की एक उत्साही गृहस्थ दारोदार फिरून वर्गणी गोळा करतो. दोन वर्षांनी तोही कंटाळतो. तळमजल्याचा दुकानदार म्हणतो, गच्ची गळते ती वरच्याच्या डोक्यावर, मी का पैसे द्यावे? वरचा म्हणतो, खांब तुझ्या दुकानात आहेत, ते तू पाहा. निम्मे मालक नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असतात आणि त्यांच्या सदनिकांत राहणाऱ्या भाडेकरूला पुढल्या वर्षी आपली बदली कोठे होणार याची चिंता असते. यांपैकी कोणीच दुष्ट नाही. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या जागी उभे राहून पाहिल्यास समजण्यासारखे आहे. पण गच्चीचे पाणी जिरते ते मजल्यामजल्यांतून खाली. आणि तळमजल्याचा एक खांब दुकान प्रशस्त करण्यासाठी कोरला, तर भार ढळतो तो वरच्या सर्वांचा. इमारत हे एकच शरीर असते. मालकीचे कागद वेगवेगळे असले, तरी तिला त्याची जाणीव नसते.

सर्वांना सारे ठाऊक असूनही केवळ एकमत न झाल्याने काय घडते, याचे दारुण उदाहरण अमेरिकेतील आहे. फ्लॉरिडा राज्यात सर्फसाइड येथे समुद्रकाठी १९८१ साली बांधलेली बारा मजली इमारत होती. राहणारे सुखवस्तू होते, त्यांची रीतसर संघटना होती. २०१८ मध्ये अभियंत्याने लेखी अहवाल देऊन गंभीर दोष दाखविले. दुरुस्तीचा खर्च प्रचंड होता. त्यावरून वाद झाले, पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि अखेर २०२१ च्या एप्रिलमध्ये सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी मंजूर झाली. ती भरावयास आरंभ व्हावयाचा होता १ जुलैला. २४ जूनच्या मध्यरात्री इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे गेली. मूळ आराखड्यातही दोष असल्याचे पुढे तपासात दिसून आले, म्हणून सारा दोष रहिवाशांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही तीन वर्षे हाती होती आणि ती चर्चेत गेली, ही वस्तुस्थिती उरतेच.

सोपा हिशेब

पैशाचा प्रश्न आपण समजतो तितका दुर्घट नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत त्याचे उत्तर आहे. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरसाल दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी जमा करावी, असे ते सांगतात. म्हणजे दोन्ही मिळून एक टक्का. एखाद्या सदनिकेचा बांधकाम खर्च आठ लाख रुपये धरला, तर वर्षाला आठ हजार, महिन्याला सातशे रुपयांहूनही कमी. बारा सदनिकांचे वर्षाला ९६ हजार होतात आणि दहा वर्षांत, व्याज न धरताही, साडेनऊ लाखांच्या पुढे जातात. गच्चीचे जलरोधन, टाकीची दुरुस्ती आणि काही खांबांचे मजबुतीकरण यांना आरंभ करण्यास ही रक्कम थोडी नव्हे. हीच रक्कम जमा न करता विसाव्या वर्षी एकदम मागितली, तर निवृत्त शिक्षक ती कोठून आणणार? मग सभा मोडते आणि भेग वाढते.

त्याच उपविधींनी तपासणीचे वेळापत्रकही दिले आहे. इमारतीचे वय १५ ते ३० वर्षे असेल, तर पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवर गेले असेल, तर तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. या हिशेबाने जिल्हानिर्मितीच्या वेळच्या इमारतींची आजवर किमान दोनदा तपासणी व्हावयास हवी होती. ती किती इमारतींची झाली आहे, हा प्रश्न प्रत्येक वाचकाने आपापल्या इमारतीपुरता स्वत:स विचारावा.

नोटीस म्हणजे उपाय नव्हे

आता अधिकाऱ्यांच्या बाजूकडे वळू. महाराष्ट्रातील नगरपरिषदांना १९६५ च्या अधिनियमाने मोडकळीस आलेल्या आणि पडण्याचा संभव असलेल्या इमारतींबाबत कारवाईचा अधिकार दिला आहे. कलम १९५ त्यासाठीच आहे. इमारतींची प्रतवारीही शासनाने ठरवून दिली आहे. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावयाची, सी-२-अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची, सी-२-ब म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्त करता येण्याजोगी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. प्रतवारी शहाणपणाची आहे. परंतु ती लावावयाची तर आधी इमारत पाहावी लागते, आणि पाहण्यासाठी माणूस लागतो. लहान नगरपरिषदेत रस्ता, नाली, पाणीपुरवठा, घरकुले आणि अतिक्रमणे या साऱ्यांचा भार मोजक्या अभियंत्यांवर असतो. मग पावसाळ्याच्या तोंडावर एक यादी होते, तीत प्रामुख्याने जुने मातीचे वाडे येतात आणि मालकांना नोटीस जाते: इमारत धोकादायक आहे, काही घडल्यास जबाबदारी तुमची.

ही नोटीस कायद्याला धरून असते, यात शंका नाही. पण तिचा खरा अर्थ काय होतो? धोका होता तेथेच राहतो. केवळ त्याची जबाबदारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते. रहिवासीही मनोमन ओळखतात, की आपण होऊन नगरपरिषदेस कळविले, तर मदत येणार नाही, नोटीस येईल. आणि तपासणीत इमारत सी-१ ठरली, तर घरावरच पाणी सोडावे लागेल. या भीतीपोटी भेग लपविली जाते. रोग्याने वैद्यापासून दुखणे लपवावे, अशी ही अवस्था आहे, आणि ती पालटण्याचे पहिले पाऊल अधिकाऱ्यांनीच उचलले पाहिजे.

सिंगापूरमध्ये निवासी इमारतीची संरचनात्मक तपासणी दर दहा वर्षांनी कायद्याने अनिवार्य आहे. शासन नोटीस काढते, मालकांनी संरचना अभियंता नेमावयाचा असतो, त्याचा अहवाल शासनाकडे जातो आणि सांगितलेली दुरुस्ती करावी लागते. खर्च मालकांचा, तारखेची आठवण शासनाची आणि निर्णय तज्ज्ञाचा, अशी ही वाटणी आहे. संकट ओढवल्यावर नव्हे, तर इमारत धडधाकट असतानाच नोटीस येते, म्हणून तिची भीती वाटत नाही. आपल्याकडील घरपट्टीच्या मागणीपत्रासारखी ती नित्याची गोष्ट होऊन बसते.

हिंगोलीला काय करता येईल

एवढे सारे हिंगोलीसारख्या जिल्ह्यास झेपेल काय? मला वाटते, मुंबईहून अधिक सहज झेपेल. कारण येथे अशा इमारतींची संख्या आज हाताळता येण्याजोगी आहे. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या तीन नगरपरिषदा आणि औंढा नागनाथ व सेनगाव या नगरपंचायती यांनी आपापल्या हद्दीतील बहुमजली सदनिका-इमारतींची एक नोंदवही प्रथम तयार करावी. बांधकाम परवान्याचे वर्ष, भोगवटा प्रमाणपत्र आहे वा नाही, संस्था वा संघ नोंदलेला आहे वा नाही, मागील तपासणी कधी झाली, एवढ्या चारच गोष्टी तीत असल्या तरी पुरे. घरपट्टीची आकारणी होतेच. तिच्याबरोबर ही माहिती गोळा करण्यास नवे खाते नको.

दुसरे, पहिल्या तपासणीसाठी ज्ञान जवळच उपलब्ध आहे. हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. तेथील अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी प्राथमिक पाहणी करावी, भेगांच्या खुणा तारखेनिशी नोंदवाव्यात आणि ज्या इमारतींबाबत शंका वाटेल, त्यांची पुढील चाचणी अर्हताप्राप्त संरचना अभियंत्याने करावी. अशा अभियंत्यांची यादी व वाजवी शुल्क नगरपरिषदेने ठरवून जाहीर करावे. भूकंपाच्या धक्क्यानंतर इमारतीत फरक पडला की नाही, हे सांगण्यासाठी आधीची नोंद असणे किती आवश्यक आहे, हे २०२४ च्या दोन सकाळींनी शिकविलेच आहे.

तिसरे, जी इमारत वेळेवर तपासणी करून घेईल आणि दुरुस्ती निधीचे खाते दाखवील, तिच्या रहिवाशांना घरपट्टीत काही सूट मिळावी. दंडाच्या भीतीने जे घडत नाही, ते पुष्कळदा थोड्याशा कौतुकाने घडते. चौथे, इमारत रिकामी करण्याची वेळ आलीच, तर प्रत्येक रहिवाशाच्या जागेचे मोजमाप करून त्याचा दाखला त्याच्या हाती दिल्याखेरीज त्यास बाहेर काढू नये. परतीचा हक्क कागदावर दिसला, तर माणूस धोका लपविणार नाही. आणि सहकार खात्याने मानीव अभिहस्तांतरणाची माहिती देणारी शिबिरे वर्षातून एकदा तरी तालुक्याच्या गावी घ्यावीत.

या बदल्यात रहिवाशांनी आपला वाटा उचलला पाहिजे, आणि तो मोठा आहे. संस्था वा संघ नोंदवावा. मासिक वर्गणी मोटर जळाल्यावर नव्हे, तर दर महिन्यास द्यावी. बाहेरगावी असलेल्या मालकाने भाडे वेळेवर घ्यावे तशी वर्गणीही वेळेवर पाठवावी. खांब, तुळई आणि स्लॅब यांना कोणी हात लावू लागल्यास शेजाऱ्याने भिडेखातर गप्प बसू नये. शेजारधर्म म्हणून आपण जे मौन पाळतो, ते शेजाऱ्याच्याच मुलाबाळांच्या जिवावर बेतू शकते. आणि नकाशा, परवाना, तपासणीचे अहवाल हे कागद एका फायलीत ठेवून ती एका पदाधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे रीतसर सोपवावी.

औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपयांचा आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंमधील, अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म असा फरक टिपण्यासाठी ती उभी राहावयाची आहे. विश्वाच्या दूर कोपऱ्यातील कंप मोजण्याचे भाग्य ज्या जिल्ह्याच्या वाट्याला येत आहे, त्या जिल्ह्यात जिन्याच्या भिंतीवरील भेग मोजण्यास मात्र कोणी नसावे, हे शोभणारे नाही. त्यासाठी कोट्यवधी रुपये नकोत. एक पट्टी, एक वही, वर्षातून एक सभा आणि नगरपरिषदेचा एक जबाबदार माणूस एवढे पुरे आहे.

आपल्या आजोबांनी मृगापूर्वी माळवदावर माती टाकली, ती कोणाच्या नोटिशीची वाट पाहून नव्हे. आपली गच्ची काँक्रीटची आहे आणि तिचे धनी बारा आहेत, एवढाच काय तो फरक. येत्या पावसाळ्यापूर्वी त्या बाराजणांनी एकदा एकत्र गच्चीवर जावे, आणि नगरपरिषदेच्या अभियंत्यासही वर बोलवावे.